होडीतले पाय

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको की बाई, तुम्ही तेव्हा तोंड का उघडलं नाहीत. ठाण्यात लोकांना मी फार करारी वाटायची. कलाशिक्षण केंद्राच्या टिपणीसबाई आल्यात म्हटलं की शाळाशाळांतले ड्रॉइंगमास्तर खुर्ची सोडून उभे राहायचे. चौदा वर्षं मी त्या केंद्राची प्रमुख होते. ती खुर्ची मला कशी मिळाली हे कळलं असतं, तर त्यातला एकही उठला नसता.

चोपन्न सालच्या जानेवारीत मुंबईहून पत्र आलं. तीन जणांची समिती दहा फेब्रुवारीला केंद्र पाहायला येणार होती. केंद्र कायम करायचं की मार्चअखेर बंद करायचं, हे ती ठरवणार होती. पत्र आमच्या हेडक्लार्कनी, त्र्यंबकरावांनी वाचून दाखवलं आणि घडी घालून फाईलला लावलं.

आमचं केंद्र म्हणजे तळ्याजवळच्या एका जुन्या इमारतीच्या माडीवरच्या दोन खोल्या. काम असं, की जिल्ह्यातल्या शाळांत चित्रकला कशी शिकवतात ते पाहायचं, आणि कशी शिकवायला हवी ते सरकारला लिहून कळवायचं. सरकार ते वाचतं की नाही, हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही. आम्ही होतो तिघंच. प्रमुख गुरुदत्त वाघळे, त्यांची साहाय्यक मी मंदाकिनी टिपणीस, आणि हे त्र्यंबकराव. तिघंही हंगामी. दरवर्षी मार्च आला की सरकारच्या एका कागदावर आमचा जीव टांगलेला असायचा.

वाघळेसर मूळचे नाटक कंपनीत पडदे रंगवणारे. महाल, जंगल, नदीकाठ, सगळं रंगवलेलं. कंपनी बुडाल्यावर ठाण्यातल्या एका शाळेत ड्रॉइंगमास्तर झाले आणि अठरा वर्षं मुलांना सुरई आणि पेला काढायला लावून कंटाळले. मग वर्तमानपत्रांत पत्रं लिहायला लागले, की आपण मुलांना चित्रं काढायला शिकवत नाही, आपली चित्रं त्यांच्याकडून उतरवून घेतो. ती पत्रं कुणा मोठ्या माणसाने वाचली आणि त्यांना हे केंद्र काढून दिलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. हातभर अंतरावरचं त्यांना धूसर दिसायचं. चित्रकलेच्या केंद्राच्या प्रमुखाला दिसत नाही हे मुंबईला कळलं तर संपलंच, म्हणून ते चष्मा पुसत राहायचे आणि आम्ही दोघं काही न दिसल्यासारखं करायचो. म्हणजे घाबरलेली मी एकटी नव्हते.

त्र्यंबकरावांना चार मुली. एवढं सांगितलं की पुरे.

आणि मी कल्याणच्या मुलींच्या शाळेतली कायमची नोकरी सोडून आलेले. सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. वाघळेसरांचं एक भाषण ऐकलं आणि मला वाटलं, आयुष्यात हेच करायचं. शाळेने माझ्या जागी दुसरी बाई घेतली, ती दारं लागली. वडील गेल्यावर आई आणि मी तीन वर्षं डोंबिवलीला काकांकडे काढली होती. काका वाईट नव्हते, काकूही नव्हती. पण आंघोळीला गरम पाणी घ्यायचं झालं तरी आई काकूला विचारायची. स्वतःच्या घरात मोठ्या आवाजात बोलणारी माझी आई तिथे दाराशी उभी राहून विचारायची, "घेऊ का एक तांब्या?" आता खोपटला आमच्या दोन खोल्या होत्या. केंद्र बंद झालं तर त्या खोल्या जाणार आणि आम्ही पुन्हा डोंबिवलीच्या त्या दाराशी. रात्रंदिवस माझ्या डोळ्यांसमोर तेवढंच होतं.

समितीसाठी वाघळेसरांनी अहवाल लिहिला. त्यातला पहिला नियम त्यांच्या सगळ्या आयुष्याचं सार होता. मुलाच्या चित्राला मोठ्या माणसाने हात लावू नये. एक रेघसुद्धा सुधारू नये. का, तर मूल दिसतं ते काढत नाही, त्याला ठाऊक असतं ते काढतं, आणि ते पुसलं की मूल गप्प होतं. हे पटवायला पान अकरावर त्यांनी एका चित्राचं वर्णन दिलं होतं. बाळकुमच्या शाळेतली जनी नावाची आठ वर्षांची कोळ्याची मुलगी. तिने होडीत उभा असलेला बाप काढला होता. होडीच्या फळीतून आरपार बापाचे पाय दिसत होते, दहाच्या दहा बोटांसकट. वाघळेसरांनी ते चित्र शाळेत डोळ्यांना लावून पाहिलं होतं आणि तिथेच वहीत वर्णन उतरवलं होतं. ते वाचून दाखवताना त्यांचा आवाज कापायचा.

मग ते शहापूर-मुरबाडकडच्या शाळा पाहायला आठवडाभर गेले. समितीला दाखवायची बेचाळीस चित्रं पुठ्ठ्यावर डकवून भिंतीला लावायचं काम माझ्याकडे होतं.

आता काय झालं ते नीट सांगते, कारण लोकांना वाटेल मी मुद्दाम केलं. कल्याणला मी सात वर्षं शिकवलं. चाळीस मुलींच्या बाकांमधून फिरताना हातात खडू असायचा. डोळ्याला चुकलेलं दिसलं की हात आपणहून खाली जायचा, रेघ सरळ करायचा आणि पुढच्या बाकाकडे वळायचा. डोकं त्यात नसायचंच. सगळे ड्रॉइंगमास्तर असेच. त्या दुपारी आईला दम्याची धाप लागलेली होती, माझं लक्ष घरी होतं. जनीच्या चित्राच्या कडेचा रंग चोळामोळा झाला होता म्हणून मी तपकिरी मेणखडू घेतला. कड नीट केली. मग फळी थोडी भरली. मग आणखी थोडी. खडू खाली ठेवला तेव्हा होडी छान भरीव दिसत होती आणि मला बरं वाटलं. सगळ्यात वाईट हेच, की मला बरं वाटलं. चित्र भिंतीला लावलं, घरी गेले, आईला औषध दिलं आणि शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकराव अहवाल वाचत बसले होते. सायक्लोस्टाइल केलेल्या तीन प्रती आदल्याच दिवशी टपालाने मुंबईला गेल्या होत्या. पण एखादा कागद तपासल्याशिवाय त्या गृहस्थांना चैन पडत नसे, म्हणून चौथी प्रत स्वतःच्या समाधानासाठी मोठ्याने वाचणं चाललं होतं. पान अकरा आलं. "फळीतून बापाचे दोन्ही पाय स्पष्ट दिसतात. मुलीने बोटे मोजून काढली आहेत."

मी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. पाय नव्हते. तपकिरी फळी होती, आणि तिच्यावर कमरेपासून वरचा बाप.

त्र्यंबकराव वाचायचे थांबले. त्यांनीही भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढून त्याच्या डबीत ठेवला आणि हळूच म्हणाले, "बाई, मी क्लार्क माणूस. चित्रातलं मला काही कळत नाही. कागदाला कागद जुळला पाहिजे, एवढंच मला कळतं."

त्यांना सगळं कळलं होतं. पुढचे दोन दिवस ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत आणि मी त्यांच्या प्रत्येक खाकरण्याला दचकत होते.

त्या संध्याकाळी ते घरी गेल्यावर मी ब्लेडने फळीचा कोपरा खरवडून पाहिला. रंगाबरोबर कागदाचे तंतू निघाले. वरून पाय काढावेत असंही मनात आलं. खडू हातात घेतला आणि परत खाली ठेवला. पायाची दहा बोटं काढणं मला काय कठीण होतं? पण ती माझी बोटं झाली असती. जाणत्या माणसाने लहान मुलासारखं काढलेलं चित्र कुठल्याही ड्रॉइंगमास्तराला लांबून ओळखू येतं.

वाघळेसरांना सांगायचं होतं. सांगायला हवं होतं. पण ते खरं बोलणारे गृहस्थ. मी सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी मुंबईला लिहून कळवलं असतं, की ज्या केंद्राने हात लावू नका म्हटलं त्याच केंद्राच्या साहाय्यकाने हात लावला. मग कसलं केंद्र आणि कसलं कायम होणं. खोटं बोलणाऱ्यांची मला कधी तेवढी भीती वाटली नाही, जेवढी त्या महिन्यात त्यांची वाटली. ते दौऱ्यावरून परतले, भिंतीसमोर उभे राहिले, रंगांचे धूसर चौकोन पाहिले आणि म्हणाले, "फार छान लावलंत, बाई." मी मान खाली घातली.

शेवटी एक उपाय सुचला. जनीकडूनच तसं चित्र पुन्हा काढून घ्यायचं. मुलं एकच चित्र दहा वेळा काढतात. समितीच्या आधीच्या सोमवारी सकाळी मी चित्र भिंतीवरून उतरवलं, पाठकोऱ्या कागदांत गुंडाळलं, शाळा पाहायला जाते असं सांगून टांगा केला आणि माजिवड्याला उतरून पुढे बाळकुमला चालत गेले. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं की कागदाची गुंडाळी पदराआड घ्यायची. चोरी केल्यासारखी चालत होते.

जनीचा बाप दामाजी खाडीवर गेला होता. आई मनुबाई अंगणात सुकट वाळत घालत होती. सरकारी बाई घरी आलेली पाहून ती माझ्याहून जास्त घाबरली. हात पुसत उठली आणि म्हणाली, "पोरीनं काय केलं का बाय? तिला मारू नका. मी सांगतंय तिला."

"काही केलं नाही तिने. चांगलं चित्र काढलंय. आणखी एक काढून हवंय," मी म्हणाले. तरी तिचा जीव काही थाऱ्यावर येईना. ती दाराला धरून उभीच राहिली.

जनी आतून आली. लुकडी, केसांना भरपूर तेल, मोठे डोळे. मी तिच्यासमोर कागद आणि खडू ठेवले, आणि तिला आठवावं म्हणून तिचं चित्र उलगडून दाखवलं. ही माझी दुसरी चूक. पहिली हाताने केली होती, ही अकलेने.

तिने चित्र पाहिलं. बोट फळीवर ठेवलं आणि ते बोट इकडून तिकडे फिरवलं.

"बापसाचं पाय कुठं गेलं?"

मी कोरा कागद तिच्याकडे सरकवला.

"पाय नाय तर बापूस उभा कसा ऱ्हाईल? बुडंल ना."

तिथे मी म्हणायला हवं होतं, बाळ, ते मी पुसले, माझं चुकलं, तू होते तसे काढ. एवढंच तर म्हणायचं होतं. आठ वर्षांच्या मुलीपुढे मला कसली भीती? पण मनुबाई ऐकत होती. उद्या ती शाळेत बोलेल, शाळेतून केंद्रात येईल, हे सगळं एका क्षणात डोक्यात फिरलं, आणि तोंडातून सात वर्षांची मास्तरीण बोलली.

"पाय आहेत गं. पण फळीच्या आड आहेत ना? आड असलेलं दिसत नाही. दिसत नाही ते काढायचं नसतं."

जनीने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "बाय सांगतंय तसं कर." जनीने मान डोलावली, खडू उचलला आणि भराभर होडी काढली. तपकिरी फळी, वर कमरेपासून बाप. खाली पाणी. पाय नाहीत. पहिल्या चित्रातला बाप मोठा होता, होडीत मावत नव्हता. हा आवरून बसल्यासारखा दिसत होता. चित्र माझ्या हातात देऊन तिने विचारलं, "आता बरोबर हाय?"

मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

येताना एक गुंडाळी नेली होती, जाताना दोन झाल्या. वाटेत बसून रडले थोडी. केंद्रात आल्यावर जुनं चित्र भिंतीला लावलं आणि नवं टेबलाच्या खणात तळाशी घातलं. त्र्यंबकराव समोरच बसले होते. त्यांनी विचारलं, "काही आवक?" मी "नाही" म्हणाले. दुपारी मी बाहेर जाऊन आले तेव्हा खण थोडा उघडा होता.

दहा तारखेला समिती आली. दोन पुरुष, त्यांची नावंही मला आठवत नाहीत. ते सारखं घड्याळ पाहत होते. अध्यक्षा होत्या मुंबईच्या सुमेधाबाई कोठारे. गोऱ्या, ठेंगण्या, हळू बोलणाऱ्या, आणि हातात अहवालाची प्रत, तिच्यात जागोजागी खुणेचे कागद घातलेले. म्हणजे बाईंनी वाचलं होतं. सरकार वाचत नाही असं वाटायचं तेच बरं होतं.

त्या एकेक चित्र पाहत पुढे सरकत होत्या. वाघळेसर बरोबर चालत पाठ असल्यासारखं प्रत्येक चित्राबद्दल बोलत होते. पाठच होतं त्यांना, कुठलं चित्र कितवं ते मीच आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. मी भिंतीला टेकून उभी. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. तिसावं जनीचं होतं.

"आणि ही बाळकुमची होडी," वाघळेसर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "पान अकरा."

सुमेधाबाईंनी पान अकरा काढलं, वाचलं, वर पाहिलं, पुन्हा वाचलं.

"वाघळे, पाय कुठे आहेत?"

"फळीमध्ये. नीट पाहा, बोटंसुद्धा मोजून काढलीयत."

"इथे पाय नाहीत."

वाघळेसर पुढे झाले. चष्मा कपाळावर सारला आणि नाक कागदाला लागेल इतके वाकले. असा मोठा माणूस, सगळ्यांसमोर, चित्राला डोळा लावून वाकलेला. सगळी फळी त्यांनी इंचाइंचाने पाहिली. मग वळले ते थेट माझ्याकडे. कुणी काही सांगायची गरज नव्हती. मेणखडूचा दाब मोठ्या माणसाच्या हाताचा आहे हे त्यांना आंधळेपणीही कळलं असतं. आता बोलतील, आता बोलतील, एवढंच डोक्यात.

आणि त्या वेळी त्र्यंबकराव पुढे आले. त्यांच्या हातात जनीचं दुसरं चित्र होतं, मागच्या बाजूला तारखेचा शिक्का मारलेलं.

"बाईसाहेब, हे त्याच मुलीचं, गेल्या सोमवारचं. आमच्या टिपणीसबाई स्वतः गावी जाऊन काढून घेऊन आल्या. पहिलं वर्णन सुरुवातीच्या भेटीतलं आहे. मुलगी आधी पाय काढत होती. आता काढत नाही."

सुमेधाबाईंनी चित्र घेतलं. ही मुलीच्याच हातची रेघ आहे हे त्यांना दिसलं, त्या काही अजाण नव्हत्या. त्यांनी ते इतर दोघांना दाखवलं. घड्याळ पाहणारे दोघेही पहिल्यांदा नीट उभे राहिले.

"म्हणजे केंद्राच्या मार्गदर्शनाने मूल पाहायला शिकलं," एक जण म्हणाला. "याला म्हणतात दाखवण्यासारखं काम."

"कुणी शिकवलं तिला?" सुमेधाबाईंनी विचारलं.

वाघळेसर माझ्याकडे बघतच होते. ते म्हणाले, "टिपणीसबाईंनी." त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

मग सगळं पटापट झालं. केंद्र कायम करण्याची शिफारस होणार. फक्त पहिला नियम गाळावा, कारण केंद्राच्या स्वतःच्या कामानेच तो खोटा ठरवला आहे. त्याऐवजी शिक्षकांसाठी एक पत्रक काढावं, मुलाला दिसेल तेवढंच काढायला कसं शिकवावं ते त्यात असावं, आणि ते टिपणीसबाईंनी लिहावं. मला त्यांनी नमस्कारसुद्धा केला. मी केला उलट. त्र्यंबकराव कपाळावरचा घाम पुसत होते.

समिती खाली उतरली, त्र्यंबकराव त्यांना पोचवायला गेले. खोलीत आम्ही दोघंच उरलो. वाघळेसर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मुलीने काही विचारलं होतं?"

मी सांगितलं. पाय नाहीत तर बाप बुडेल, असं म्हणाली. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग मी बाकीचंही सांगितलं, खडू, ब्लेड, डोंबिवली, आईचा तांब्या, सगळं. माझं झाल्यावर ते म्हणाले, "मी त्यांच्यासमोर बोललो नाही, कारण ते तुमचं सांगणं आहे. मी सांगितलं तर तक्रार होईल. तुम्ही सांगितलंत तर ते कळवणं होईल. साडेपाचची गाडी आहे त्यांची. सुमेधाबाई समजूतदार आहेत. जा, स्टेशनवर गाठा. केंद्र राहो न राहो. नियम राहायला हवा, बाई."

मी गेले. खरंच गेले. तळ्याकडून स्टेशनपर्यंत जवळजवळ पळत गेले. मनात वाक्यसुद्धा तयार होतं. सुमेधाबाई पहिल्या वर्गाच्या वेटिंगरूममध्ये एकट्या बसल्या होत्या, ते दोघे बाहेर कुठे सिगारेट ओढत होते. याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मला पाहून त्या हसल्या आणि शेजारची जागा थोपटून म्हणाल्या, "या, बसा. वाघळ्यांच्या डोळ्यांचं मी पाहिलं. अशा माणसाकडे फार दिवस हे काम ठेवता येणार नाही. तुमच्यासारखी तरुण बाई तिथे हवी. मी तसं लिहिणार आहे. घरी कोण कोण असतं?"

"आई," मी म्हणाले.

"मग आईला सांगा. आनंद होईल त्यांना."

मी उभीच होते. वाक्य तोंडात होतं. गाडीची घंटा झाली तरी ते तोंडातच होतं. त्यांनी विचारलं, "काही काम होतं का?" मी म्हणाले, "नाही. आभार मानायला आले होते."

परत जाताना पाय ओढत गेले. आधी वाटलं, सरळ घरी जावं. पण सर वाट बघत असतील. ते होतेच, जिन्याच्या वरच्या पायरीवर, कठडा धरून.

"सांगितलंत?"

"हो," मी म्हणाले.

"सगळं?"

"सगळं."

"मग?"

आता थांबता येत नव्हतं. "त्या म्हणाल्या, असू दे. नियम तरीही गाळायचाच. मुलांना शिस्त लागली पाहिजे, म्हणाल्या."

ते वळले. खोलीत गेले, भिंतीसमोर जरा उभे राहिले. तेवढ्यात मी "सर, थांबा" म्हणाले असते तर सगळं जागेवर आलं असतं. मी पायरीवर उभी राहून चपलेचा पट्टा नीट करत होते.

चौथ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. त्र्यंबकरावांनी तो मला दाखवला. दोन ओळींचा होता. वस्तुस्थिती कळल्यानंतरही समितीचे मत कायम राहिले, त्याअर्थी या कामात माझा उपयोग उरलेला नाही. मुंबईला त्या ओळींचा अर्थ कुणालाच लागला नसणार. डोळ्यांमुळे गेले असंच सगळ्यांनी धरलं. त्र्यंबकरावांनी अर्थ मला विचारला नाही. त्यांना कायमपणाचा हुकूम मिळाला त्या दिवशी त्यांनी पेढे आणले आणि पहिला माझ्या हातावर ठेवला.

जायच्या दिवशी वाघळेसरांनी कपाटाच्या किल्ल्या माझ्या स्वाधीन केल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवला, जसा मुलीच्या ठेवतात. म्हणाले, "तुम्ही घाबरट आहात असं मला वाटायचं. चुकलं माझं. नोकरी जाईल हे माहीत असून तुम्ही सुमेधाबाईंच्या तोंडावर जाऊन खरं बोललात. ते काही थोडं नव्हे." मी वाकून नमस्कार केला, कारण मान वर करून त्यांच्याकडे बघणं शक्य नव्हतं.

पत्रक मी लिहिलं. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना गेलं, बाळकुमलाही गेलं. पुढच्या चौदा वर्षांत किती होड्या पाहिल्या त्याची गणती नाही. सगळ्या व्यवस्थित, भरीव. मी शेरा मारायची, ठीक.

वाघळेसर कल्याणला मुलाकडे राहायला गेले आणि आणखी नऊ वर्षं जगले. शेवटी शेवटी दिसणं अगदी बंद झालं होतं. दर दिवाळीत मी भेटायला जायची. दर वेळी घरून ठरवून निघायची की आज सांगायचं. मी दारात आले की चाहुलीवरून ओळखायचे आणि नातवंडांना जवळ बोलवून सांगायचे, ह्या टिपणीसबाई, यांच्या पाया पडा, हा माणूस आयुष्यात एकदाही भ्यायला नाही. ती पोरं एकामागून एक पाया पडायची, आणि मी त्यांना आशीर्वाद द्यायची.